खडकावरचे वाफे

साठी उलटेपर्यंत कुशाबाईनं एका जागी सलग दोन महिने मुक्काम असा कधी केलाच नव्हता. मेंढरांच्या घरात जन्मली आणि मेंढरांच्याच घरात दिली. दिवाळी झाली की घोड्यावर संसार लादायचा, माळशेज उतरून कोकणात जायचं, आणि उन्हाळा सरत आला की परत घाट चढायचा. वाटेत कुणी शेतकरी आपल्या रानात कळप बसवायला सांगे. रात्रभर मेंढरं तिथं बसली की सकाळी रानात लेंडीखत पडलेलं असे, आणि त्या बदल्यात शेतकरी पायलीभर ज्वारी नाहीतर बाजरी देई. नवरा वारल्यावरही कुशाबाईनं हे सोडलं नाही. धाकटा दीर चिमाजी आणि ती, दोघं मिळून कळप चालवत राहिली.

मग एका वर्षी दिवाळीनंतर नारायणगावाजवळ हायवे ओलांडताना एक कोकरू मागं राहिलं. कुशाबाई त्याला उचलायला वळली. समोरून येणाऱ्या पिकअपवाल्यानं ब्रेक दाबला, पण गाडी तिच्या कमरेला घासून गेलीच. पिकअपवाला भला माणूस होता, त्यानंच तिला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, आत रॉड बसला, आणि घरी सोडताना डॉक्टरांनी मुलाला, अमृतला, बजावून सांगितलं की आईनं आता उकिडवं बसायचं नाही, जमिनीवर मांडी घालायची नाही, काठीशिवाय चालायचं नाही. मेंढरांचं नाव तर काढूच नका म्हणाले.

कळप चिमाजीकडं गेला आणि कुशाबाई येडगावात अमृतच्या घरी येऊन पडली.

अमृतचं घर धरणाच्या पाण्यापासून वर, उघड्या खडकावर होतं. घरकुल योजनेत मंजूर झालेली जागा तीच होती, म्हणून तिथंच दोन खोल्या उभ्या राहिल्या. दारापुढं मोकळी जागा बरीच, पण सगळा काळा खडक आणि वर बोटभर मुरूम. हरळीसुद्धा नीट धरत नव्हती. अमृत स्वतःच्या टेम्पोतून लोकांचे टोमॅटो नारायणगावच्या मार्केटात पोचवायचा, त्यामुळं पहाटे निघायचा तो दुपार कलल्यावर यायचा. दिवसभर घरात सासू आणि सून दोघीच.

सुनेचं नाव नंदा. ती महाळुंगे पडवळच्या शेतकऱ्याची मुलगी. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण त्या सहा वर्षांत दोघी एका छपराखाली मिळून चार महिनेही राहिल्या नसतील. नंदाच्या लेखी सासू म्हणजे वर्षातून दोनदा येणारी, जेवून सकाळी निघून जाणारी पाहुणी. आता ही पाहुणी दारातल्या बाजेवर कायमची येऊन बसली होती आणि तिला प्रत्येक गोष्टीत खोट दिसत होती. चहा गोड झाला. भाकरी जाड झाली. भाजी तर रोज बाजारातली, पिशवीत कोमेजलेली. नंदा काही उलट बोलत नसे, पण भांडी जरा जोरात ठेवत असे.

खरी गोष्ट अशी होती की कुशाबाईला भीती वाटत होती. हात धड होते, डोळे धड होते, आणि करायला काहीच नव्हतं. समोरच्या वाटेनं कुणाची मेंढरं गेली की ती ओल्या लोकरीच्या वासानं मान वर करी आणि कळप दिसेनासा झाला की भिंतीकडं तोंड करून पडून राही.

माघात एक दिवस अमृतनं मार्केटातली टोमॅटोची फुटकी कॅरेटं घरी आणली, चुलीमागं सामान ठेवायला होतील म्हणून. कुशाबाईनं बाजेवरून ती पाहिली. तिनं त्यातली तीन मागून घेतली. खताच्या रिकाम्या गोण्या फाडून आतून लावल्या, शेजारून घमेलंभर माती मागवली आणि चिमाजीनं मागं कधीतरी टाकून ठेवलेल्या पोत्यातली लेंडी, वर कालच कुणाच्या कळपामागून गोळा करून आणवलेली ताजी लेंडी, असं सगळं कालवून कॅरेटं भरली. बाजेवर बसल्या बसल्या तिनं मेथी पेरली. मेथी चार दिवसांत उगवली. कुशाबाईनं त्या दिवशी चहाला नाव ठेवलं नाही. पण आठवड्यानं पानांच्या कडा पिवळ्या पडल्या, मग तपकिरी, आणि दहाव्या दिवशी सगळी रोपं माना टाकून पडली.

नंदा दारात उभी राहून हे रोज बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही. ती म्हणाली, "आत्या, लेंडी कच्ची व्हती. कच्च्या खताची गरमी लागली रोपांना."

कुशाबाई उसळली. "माझ्या लेंडीवर गावंच्या गावं पिकली. तू मला खत शिकवती का?"

नंदानं मान खाली घातली, पण आत गेली नाही. रानात लेंडी पडते ती सगळीकडं पसरून पडते, ती सावकाश सांगू लागली. वर नांगर फिरतो, पाऊस पडतो, महिना-दोन महिने जातात, मग कुठं पेरणी होते. तोवर तुम्ही पुढच्या गावाला गेलेला असता. ह्या एवढ्याशा कॅरेटात ती गरमी जाणार कुठं?

खरंच होतं ते. आयुष्यभर कुशाबाईनं दुसऱ्याच्या रानाला खत दिलं होतं, पण त्यातून उगवलेलं पीक उभं राहीपर्यंत ती त्या रानात कधी थांबलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं नंदाला हाक मारली आणि विचारलं, "मग किती दिस कुजवायची?"

त्या प्रश्नापासून दोघींचं बोलणं सुरू झालं. नंदानं घरामागं लेंडीचा ढीग घातला, त्यावर पाणी शिंपडलं, पोत्यानं झाकला, आणि दर पंधरा-वीस दिवसांनी तो खालवर करत राहिली. बोलता बोलता कुशाबाईला कळलं की ह्या मुलीला माहेरी स्वतःचं परसू होतं, वांगी-मिरच्या ती कधी विकत आणत नसे, आणि ह्या खडकावर नांदायला आल्यापासून तिनं हातानं एक बी पेरलं नव्हतं. कुणाला सांगितलंही नव्हतं. एकदा खाली कुणाच्या शेतात भाजी तोडायला जाऊन येते म्हणाली होती, पण वाटेत ऊस, उसात बिबट्या, म्हणून अमृतनंच नको म्हटलं होतं.

नंदा म्हणाली की गादीवाफा करायला हवा. जमिनीत माती नाही तर जमिनीच्या वर माती रचायची. तिच्या माहेरी रोपांसाठी वीतभर उंचीचे करत. कुशाबाई म्हणाली, "वीतभर उंच करून माझ्या काय उपयोगाचा? मला वाकता येत न्हाई, बसता येत न्हाई." मग तिनंच उपाय काढला. प्लास्टिकच्या स्टुलावर बसून तिनं हात पुढं केले आणि नंदाला सांगितलं की माझ्या कोपराखाली काठी धर. काठीवर जिथं खूण झाली तेवढी वाफ्याची उंची. रुंदी एवढीच की दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचावा. लांबी जागा असेल तेवढी.

आता एवढी उंच भिंत कशाची करायची? विटा आणायच्या तर पैसे हवेत, आणि अमृतच्या टेम्पोचा हप्ता चालू होता. फळ्या लावल्या तर वाळवी खाऊन टाकील. पण घराचा पाया खोदताना फोडलेल्या दगडांचा ढिगारा मागच्या बाजूला तसाच पडून होता, आणि दगड रचणं कुशाबाईला माहीत होतं. डोंगरावर मुक्काम पडला की कोकरांसाठी मातीशिवाय नुसत्या दगडांचा कोंडवाडा ती नवऱ्याबरोबर तासाभरात उभा करी. कोणता दगड कशावर बसेल हे तिला बघताच कळायचं. ती स्टुलावर बसून काठीनं दाखवायची, नंदा तो दगड आणून द्यायची, आणि कुशाबाई तो फिरवून फिरवून जागेवर बसवायची. फटीत बारीक चिपा ठोकायची. चार दिवसांत पहिला वाफा उभा राहिला. अमृत रोज येऊन बघायचा आणि आत जायचा. पाचव्या दिवशी मात्र त्यानं स्वतःहून विचारलं की माती कुठून आणायची.

वैशाखात धरणाचं पाणी मागं हटलं की काठाला गाळ उघडा पडतो. गावातले शेतकरी परवानगी काढून तो ट्रॉल्या भरून रानात टाकतात. त्यांच्यातल्याच एकाला ट्रॉली भरू लागून अमृतनं त्या बदल्यात टेम्पोभर गाळ आणला. काळाभोर, लोण्यासारखा. दोघी खूश झाल्या. वाफा काठोकाठ गाळानं भरला, नळी लावून भिजवला, आणि तिसऱ्या दिवशी पुढच्या बाजूच्या भिंतीनं पोट काढलं. कुशाबाई दारात बसली होती. तिच्या डोळ्यांसमोर भिंत फुगली आणि धडधड करत अर्धी खाली आली. चिखल दारापर्यंत वाहत आला.

त्या वेळी शेजारच्या घराला गिलावा करायला नारायणगावचे रहमतुल्ला मिस्त्री येत होते. आवाज ऐकून ते खाली उतरले. पांढरी दाढी, हातात थापी. त्यांनी पडलेली भिंत बघितली, उरलेली बघितली आणि कुशाबाईला विचारलं की हे काम कुणी केलं. मी केलं, असं तिनं जरा ओशाळून सांगितलं. रहमतुल्ला म्हणाले, "मावशी, हात चांगला हाय तुमचा. पण कोंडवाड्याच्या भिंतीला कोण ढकलत नाय. इथं ओली माती आतून ढकलती. भिंत सरळ नका चढवू. चढवता चढवता आत झुकवत न्या. आन् पाणी जायला खाली वाट ठेवा."

त्यांनी जेवणाच्या सुट्टीत पहिले दोन थर स्वतः लावून दाखवले. तळाचे दगड मोठे, त्यांचा उतार आतल्या बाजूला, आणि मधूनमधून एक लांब दगड आडवा, आत मातीत शिरलेला, भिंतीला धरून ठेवणारा. चहा घेतला, बाकी काही घ्यायला तयार झाले नाहीत.

गाळाचं कोडं नंदानं सोडवलं. नुसता गाळ भिजला की चिखल होतो आणि वाळला की फरशी होते, हे तिनं आता पाहिलं. अमृतला घोडेगावच्या बाजूला भाडं लागलं, तेव्हा तिनं भाताच्या गिरणीतून तूस आणायला लावलं. भिंत पुन्हा उभी राहिल्यावर तळाला दगडाची खडी टाकली, त्यावर उसाचं पाचट तुडवून तुडवून अर्ध्या उंचीपर्यंत भरलं, कारण एवढं पोट भरायला माती कुठून आणणार? अमृत म्हणाला की टोमॅटोचा वाळला पाला हवा तेवढा मिळेल. नंदानं साफ नकार दिला. त्या पाल्यातून रोग येतो, ती म्हणाली. मग पाचटावर गाळ, तूस आणि कुजलेली लेंडी एकत्र कालवून भरली. ह्या वेळी लेंडीला मातीचा वास येत होता. कुशाबाईनं मूठभर उचलून नाकाशी धरली आणि नंदाकडं बघून मान हलवली. विकत आणलं ते फक्त बियाणं.

पावसाळ्यात वाफा बसला, चांगला वीतभर खाली गेला. पाचट कुजत होतं. दोघींनी वर आणखी माती चढवली आणि शेजारी दुसरा वाफा उभा केला. श्रावणात पालक काढायला आला. भादव्यात वांग्यांना फुलं लागली. हंगाम संपल्यावर टोमॅटोवाल्यांनी टाकून दिलेले बांबू अमृतनं आणून रोवले, त्यांवर घेवडा चढला. कुशाबाई सकाळी चूळ भरून आधी स्टूल उचलायची, मग चहा. कोंब जमीन फोडून वर येतो तेव्हा आधी वाकलेला असतो आणि मग सरळ होतो, हे तिनं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. नंदाला तिनं ते बोलावून दाखवलं. नंदाला ते लहानपणापासून माहीत होतं, तरी ती वाकून बघत राहिली.

दिवाळीनंतर चिमाजी कळप घेऊन कोकणाच्या वाटेला लागला आणि रीतीप्रमाणं वहिनीला भेटायला येडगावात आला. मेंढरं घराच्या पाठीमागं उभी केली, दारात बसून पाणी प्यायला, आणि दोघं वर्षभराचं बोलू लागली. कोणती मेंढी व्याली, कोणती गेली, घोड्याच्या पायाला काय झालं. कुशाबाई इतकी रमली की तिचंही लक्ष नव्हतं. नंदा आतून ओरडत बाहेर आली तोवर कळपातल्या दोन शेळ्या वाफ्यावर चढल्या होत्या आणि मेंढरं पुढचे पाय दगडांवर ठेवून दोन्ही बाजूंनी तुटून पडली होती. चिमाजीनं धावत जाऊन हाकलली, पण पालक, मेथी, कोथिंबीर सगळी जमिनीलगत साफ झाली होती. वांग्यांच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या. घेवड्याचा वेल बांबूसकट खाली आला होता.

कुशाबाई चिमाजीवर जे बरसली ते गल्लीनं ऐकलं. डोळे कुठं असतात, मेंढरं राखतोस का माश्या, असं बरंच काही. चिमाजी खाली मान घालून उभा होता. तिचं बोलून झाल्यावर तो हळूच म्हणाला, "वैनी, पाला तर व्हता. पुन्यांदा यील."

कुशाबाई स्टुलावर बसली आणि पडलेला घेवड्याचा वेल बांबूपासून सोडवू लागली. चिमाजीला वाटलं राग गेला. पण तिला ओतूरजवळची शेतकरीण इंद्रायणी आठवली होती. दहाएक वर्षं झाली असतील. इंद्रायणीची कोथिंबीर उद्या बाजारात जायची होती आणि आज कुशाबाईच्या मेंढरांनी ती चाटून नेली. इंद्रायणी बांधावर उभी राहून रडत शिव्या देत होती. तेव्हा कुशाबाईनं तिला अगदी हेच शब्द ऐकवले होते आणि कळप पुढं हाकला होता. पाल्यासाठी एवढं काय रडायचं, असं तिला त्या वेळी खरोखर वाटलं होतं.

संध्याकाळी जेवताना तिनं चिमाजीला ही गोष्ट सांगितली. मग म्हणाली, "वाटंतच हाय तिचं रान. दोन रात्री कळप बसव तिच्यात. दाणं घेऊ नको. कुशाबाईनं सांगितलंय म्हणावं."

चिमाजी तयार झाला, पण त्या आधी तो दोन दिवस येडगावातच राहिला. दोन्ही रात्री त्यानं मेंढरं घरापुढच्या उघड्या खडकावर जाळी लावून बसवली आणि सकाळी नंदाबरोबर लेंडी झाडून ढीग घातला. जाता जाता वाफ्याभोवती बांबू आणि जुन्या जाळीचं कुंपण बांधून दिलं.

आठवड्यानं त्याचा घाटातून फोन आला. कुशाबाईनं आधी इंद्रायणीचंच विचारलं. चिमाजी हसायला लागला. म्हणाला की दोन रात्री कळप बसवला, बाई खूश झाली, चहा पाजला. पण कोण कुशाबाई, म्हणाली. तिला काही आठवेना. मी कोथिंबिरीचं सांगितलं तर म्हणाली, अहो, इतक्या जणांची मेंढरं शिरली रानात, कुणाकुणाचं ध्यानात ठेवू?

कुशाबाई फोन हातात धरून हसत सुटली. नंदा बाहेर येऊन बघू लागली की काय झालं. कितीतरी महिन्यांनी ती असं पोट धरून हसत होती, आणि तिचे डोळेही भरले होते. मग तिनं नंदाला सगळं सांगितलं.

वाफ्यांचं नुकसान वाटलं तेवढं झालं नव्हतं. पालकाच्या मुळ्या शाबूत होत्या, पंधरा दिवसांत नवी पानं फुटली. मेथी गेली ती गेलीच, ती पुन्हा पेरावी लागली. घेवड्याचा वेल बांबू पुन्हा रोवून वर बांधला, तो जगला. वांग्याच्या काड्या उपटायला कुशाबाई निघाली होती, पण नंदानं हात धरला. तिनं काड्या विळ्यानं तिरक्या छाटल्या, बुडात लेंडीखत घातलं, आणि संक्रांतीपर्यंत त्या झाडांना पहिल्यापेक्षा जास्त वांगी लागली. भोगीची भाजी त्या वर्षी घरच्या वांग्यांची आणि घरच्या घेवड्याची झाली. अमृत दोन भाकऱ्या जास्त जेवला. वाफ्यांचं त्यानं तोंडानं कधी कौतुक केलं नाही, पण टेम्पो लावायला दारापुढं सगळं काँक्रीट करून घ्यायचं ठरवलं होतं ते त्यानं रद्द केलं. टेम्पो आता तो रस्त्याच्या कडेला उभा करतो.

फाल्गुनात कुशाबाईनं पालकाची दोन रोपं तशीच राखली. ती वाढून तिच्या खांद्याएवढी झाली, तुरा आला, बी धरलं. नंदानं ते सुपात घोळून फडक्यात बांधलं. इतकी वर्षं भटकून एका जागचं बी त्याच जागी पेरायला मिळेल असं कुशाबाईला वाटलं नव्हतं.

यंदाच्या वैशाखात गाळ निघाला तेव्हा टेम्पो दोनदा भरून आला. एक खेप घरी, आणि एक गल्लीतल्या तुकाबाईकडं. तुकाबाईचे गुडघे गेले आहेत आणि तिचंही घर त्याच खडकावर आहे. सध्या रोज सकाळी कुशाबाई काठी टेकत तिकडं जाते. तिचं स्टूल नंदा आधीच नेऊन ठेवते. तुकाबाईचा जावई दगड उचलून देतो, आणि कुशाबाई लांबूनच सांगते की हा नाही, त्याच्या पलीकडचा, चपटा, तो आण. परवा त्यानं घाईघाईत एक थर सरळ चढवला. कुशाबाईनं काठीनं तीन दगड खाली पाडले आणि त्याला पुन्हा रचायला लावलं. दुपार झाली, नंदा जेवायला बोलवायला आली, तर दोघी बायका स्टुलांवर समोरासमोर बसून कोपराखाली काठी धरून उंची मोजत होत्या. तुकाबाई ठेंगणी आहे, तिचा वाफा चार बोटं खाली घ्यावा लागणार होता.